कस्टमने अडवलेला डुप्लिकेट माल सुटून का जातो? ब्रँडमालकांच्या मुदतींचा हिशेब

लक्षण नेहमीचंच आहे. ब्रँड कुपवाड एमआयडीसीतला, नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीतला. ट्रेडमार्क नोंदलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये लावलेलं. न्हावा शेव्याला त्याच नावाचा डुप्लिकेट माल कस्टम अडवतं, तसं पत्रही येतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी कळतं की माल सुटून बाजारात पोचला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग "आतून सेटिंग झालं" असं म्हणून विषय सोडून दिला जातो.

सेटिंगचा संशय घेण्याआधी कागदांवरच्या तारखा तपासा. अशा प्रकरणांत माल सुटण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं: कुठलीतरी मुदत उलटून गेलेली असते. मुदत उलटली की माल सोडणं अधिकाऱ्यावर बंधनकारक होतं. त्याला पुराव्याची खात्री असली तरी उपयोग नसतो.

हे सगळं चालतं ते बौद्धिक संपदा हक्क आयात माल अंमलबजावणी नियम, २००७ यांखाली. ८ मे २००७ ची अधिसूचना ४७/२००७, आणि तिच्यासोबत वाचायचं २९ ऑक्टोबर २००७ चं परिपत्रक ४१/२००७. दोन्ही छापून फाईलला लावा, कारण काही मुदती नियमांत आहेत आणि एक महत्त्वाची मुदत फक्त परिपत्रकात आहे. नुसते नियम वाचणारा तिथेच फसतो.

आधी दोष कुठला ते ओळखा

कस्टमच्या पत्रावर तुम्हाला तीन तारखा दिसतील: क्लिअरन्स (माल सोडण्याची प्रक्रिया) थांबवल्याची, पत्र लिहिल्याची, आणि तुमच्या आवक शिक्क्याची. मुदत मोजायची ती पहिल्या तारखेपासून. आपल्याकडे कोर्टाच्या नोटिशीची सवय असल्यामुळे सगळे "पत्र मिळाल्यापासून" मोजतात आणि घोटाळा होतो. पत्र सांगलीला पोचेपर्यंत घड्याळ तीन-चार दिवस चालून गेलेलं असतं.

त्यानंतर पाहायचं की तुमच्या ब्रँडची कस्टमकडे आधी नोंद होती का. ट्रेडमार्क रजिस्ट्रीतली नोंद वेगळी, कस्टमची वेगळी. रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट आपोआप कस्टमच्या यंत्रणेत जात नाही. कस्टमची नोंद झाली असेल तर तुमच्याकडे यूपीआरएन म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक असतो. यूटीआरएन हा तात्पुरता क्रमांक. ऑनलाइन अर्ज भरल्याबरोबर तो मिळतो आणि त्यालाच नोंद समजून निवांत बसलेले लोक आहेत. यूटीआरएन म्हणजे फक्त अर्जाची पोच. त्यानंतर सहीची कागदपत्रं कस्टम हाऊसच्या आयपीआर सेलला, म्हणजे बौद्धिक संपदा हक्कांच्या विभागाला, द्यायची असतात, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकतो.

दोष १: नोंदच नव्हती, ५ दिवसांत माल सुटला

कस्टमला स्वतःहूनही माल अडवता येतो. पेटीवरचं नाव ओळखीचं आहे, पण घोषित किंमत फारच कमी, आयातदार नवा, माल भलत्याच देशातून आलेला, असं काही दिसलं की उपायुक्त किंवा सहायक आयुक्त क्लिअरन्स थांबवतात आणि ब्रँडमालकाला कळवतात. नोंद नसलेल्या मालकाला नियम ७(४) प्रमाणे क्लिअरन्स थांबवल्यापासून ५ दिवस मिळतात. एवढ्या वेळात नियम ३ ची सूचना, म्हणजे नोंदणीचा अर्ज, द्यायचा आणि नियम ५ चे बाँडही (नुकसान आणि खर्च भरून देण्याची लेखी हमी) करायचे. दोन्ही नाही झालं तर माल सुटतो.

इथे नियमात "५ दिवस" एवढंच लिहिलंय, "कामकाजाचे" हा शब्द नाही. शेजारच्याच पोटनियमात १० "कामकाजाचे" दिवस आहेत. म्हणजे शब्द चुकून गळलेला नाही. शनिवार-रविवार मोजले जाणार असं धरूनच चाला.

५ दिवसांत कुलमुखत्यारपत्र, भागीदारांच्या सह्या, बाँड, बँक असं सगळं शून्यातून उभं करणं सांगलीत बसून जवळपास अशक्य आहे. त्यामुळे या दोषाला नंतर करण्यासारखा उपाय नाही, आधी नोंद करून ठेवायची. शुल्क २,००० रुपये. एका कस्टम हाऊसकडे अर्ज करून त्यात इतर बंदरं आणि विमानतळही निवडता येतात. न्हावा शेवा निवडताना साहारचं एअर कार्गो आणि मुंद्रा विसरू नका. एका बंदरात अडचण आली की माल दुसरीकडून येतो.

दोष २: अर्ज अडकला, कुणी उत्तर दिलं नाही

अर्ज अपुरा असेल तर आयपीआर सेल त्रुटी कळवतं आणि त्या भरायला १५ दिवस मिळतात. सबळ कारण दिलं तर मुदत वाढते, पण वाढ मागावी लागते, तीही १५ दिवस संपायच्या आत आणि लेखी. अर्ज पूर्ण असेल तर पोचल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत नोंद झाली की नाकारली हे कळवायचं असतं. महिना-दीड महिना काहीच आलं नाही तर स्वस्थ बसू नका. त्रुटीचा ईमेल जुन्या एजंटाच्या खोक्यात पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

पुन्हा पुन्हा निघणाऱ्या त्रुटी अशा.

मालकाचं नाव जुळत नाही. सर्टिफिकेट वडिलांच्या प्रोप्रायटरशिपच्या नावावर, अर्ज मुलांच्या प्रायव्हेट लिमिटेडचा. घरच्यांना तो एकच धंदा वाटतो, कायद्याला दोन वेगळे मालक दिसतात. हस्तांतरणाचा करार करून रजिस्ट्रीत टीएम-पी फॉर्मने नोंद बदलून घ्यायची आणि मगच कस्टमकडे जायचं. टीएम-पीला वेळ लागतो, म्हणून हे काम आज सुरू करा. तोवर निकड असेल तर जुन्या मालकाने नव्या कंपनीला दिलेलं रीतसर अधिकारपत्र जोडता येतं. नियमांतल्या हक्कधारकाच्या व्याख्येत मालकाने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही बसते.

वर्ग चुकलेला. ट्रेडमार्कची नोंद मालाच्या प्रकारानुसार वर्गवार होते. सुटे भाग बनवणाऱ्यांची ही हमखास अडचण. पिस्टन, इंजिनचा ऑईल फिल्टर वर्ग ७ मध्ये, ब्रेक पॅड वर्ग १२ मध्ये. एकाच वर्गाची नोंद घेऊन दोन्ही माल अडवायला सांगितलं तर निम्मा अर्ज लंगडा पडतो.

टॅरिफ क्रमांक, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टमचा क्रमांक, अर्धवट. कस्टमची यंत्रणा माल हेरते ती बिल ऑफ एंट्रीवरच्या (आयातदाराने कस्टमला दिलेल्या मालाच्या घोषणापत्रावरच्या) क्रमांकावरून, तुमच्या ब्रँडच्या प्रसिद्धीवरून नव्हे. फिल्टरला ८४२१ २३, बेअरिंगला ८४८२, बसवायला तयार ब्रेकच्या भागांना ८७०८ ३०. पण नुसतं घर्षण लाइनिंग, पत्र्यावर न बसवलेलं, ६८१३ मध्ये जातं. डुप्लिकेटवाला नेमका तोच क्रमांक टाकतो आणि पत्रा इथे लावून घेतो. रिकाम्या छापील खोक्यांचा आणि स्टिकरचा क्रमांकही द्या. माल सुटा आणि खोकी वेगळ्या कंटेनरमधून, हा जुनाच मार्ग आहे.

अधिकृत आयातदारांची यादी दिलेली नाही. हे जरा गमतीचं, पण महागात पडतं. आपल्याकडचे कितीतरी ब्रँड काही माल स्वतःच चीनमधून बनवून आणतात, तोही एखाद्या व्यापाऱ्याच्या आयात कोडवर. यादी नसेल तर पहिला अडकतो तो तुमचाच कंटेनर.

पेटंटच्या जोरावर अर्ज केला असेल तर तो चालणार नाही. २२ जून २०१८ च्या दुरुस्तीने पेटंट या नियमांतून वगळलं गेलं. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन आणि भौगोलिक मानांकन एवढंच उरलंय.

दोष ३: ३ दिवसांचा बाँड

सगळ्यात जास्त माल इथे सुटतो आणि सगळ्यात कमी लोकांना ही मुदत माहीत असते, कारण ती परिपत्रकातली आहे. नोंदणीच्या वेळी तुम्ही सर्वसाधारण बाँड देता. त्यात लिहून दिलेलं असतं की माल अडवला गेला तर अडवल्यापासून ३ दिवसांत त्या बंदरातल्या आयुक्तांकडे त्या मालापुरता वेगळा बाँड करीन. रक्कम मालाच्या किमतीच्या ११० टक्के आणि तारण बाँडच्या २५ टक्के. बाँड वेळेत झाला नाही तर माल सोडून द्यायचा, असं परिपत्रक स्पष्ट म्हणतं.

हिशेब करून बघा. फिल्टरच्या कंटेनरची किंमत १८ लाख धरली तर बाँड १९ लाख ८० हजारांचा आणि तारण ४ लाख ९५ हजारांचं. किंमत कुठली धरायची हे संबंधित अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. आपली एमआरपी गुणून बसलात तर आकडा उगाच फुगतो आणि छाती दडपते.

आता दिवस मोजा. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, माल अडवला. पहिला दिवस शनिवार, त्या दिवशी बँक बंद. दुसरा रविवार. तिसरा सोमवार, आणि तोच शेवटचा. ईमेल शुक्रवारी संध्याकाळी आला असेल आणि ऑफिस सहाला बंद झालं असेल, तर तुमच्या हातात सोमवारचे बँकेचे चार तास उरतात. सुट्टीमुळे दिवस पुढे सरकेल असा युक्तिवाद करता येतो, पण तो भांडणातला युक्तिवाद झाला. त्यावर विसंबून रविवार मोकळा सोडू नये.

तारण बँक गॅरंटीचं किंवा मुदत ठेवीचं चालतं. गॅरंटीचा प्रस्ताव शाखेतून विभागीय कार्यालयात जातो, तिथे मर्यादा मंजूर होते, मसुदा बदलून येतो. तीन दिवसांत हे होणार नाही. गॅरंटीच हवी असेल तर मर्यादा आधीच मंजूर करून ठेवा आणि कस्टमचा मसुदा बँकेकडून आधी तपासून घ्या. छोट्या ब्रँडला मुदत ठेव सोपी. ५ लाखांच्या आसपासची ठेव वेगळी करून ठेवायची आणि वेळ आली की त्याच दिवशी शाखेकडून बोजा नोंदवल्याचं पत्र घ्यायचं. बाँड राष्ट्रपतींच्या नावे, कस्टम आयुक्तांमार्फत असतो. बोजाच्या पत्रातही तेच शब्द हवेत. "कस्टम ऑफिस, न्हावा शेवा" असं लिहिलेलं पत्र परत येतं आणि एक दिवस जातो.

मुद्रांकाचाही एक सापळा आहे. हुशार माणूस मुद्रांक आधीच घेऊन फाईलला लावून ठेवतो. महाराष्ट्रात घेतलेला मुद्रांक ६ महिन्यांत वापरावा लागतो, त्यानंतर तो बाद. फाईलमधला मुद्रांक दर पाच महिन्यांनी बदलायचा, आणि विकत घेताना नाव कंपनीचंच घालायचं, आणायला गेलेल्या पोराचं नाही.

बाँडसोबत जामीनदारही लागतो. त्याचे कागद आधीच गोळा करून ठेवा. ऐन वेळी मामांना किंवा साडूला फोन केला तर ते हो म्हणतील, पण पॅन कार्ड सापडायला दोन दिवस लावतील.

दोष ४: १० कामकाजाच्या दिवसांत कार्यवाहीत सामील झाले नाहीत

बाँड झाला म्हणजे काम झालं असं समजणारे इथे अडकतात. नियम ७(३) प्रमाणे क्लिअरन्स थांबवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत हक्कधारकाने कार्यवाहीत सामील व्हायला हवं, नाहीतर आयातीच्या बाकी अटी पूर्ण असल्या की माल सुटतो. योग्य प्रकरणात आयुक्त आणखी १० कामकाजाचे दिवस वाढवू शकतात. नाशवंत मालाला फक्त ३ कामकाजाचे दिवस आणि वाढ ४ दिवसांची.

दहा हा आकडा इथल्या कुणा बाबूच्या डोक्यातून आलेला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या कलम ५५ मध्ये १० आणि वाढीव १० दिवस आहेत. फरक एवढाच की कित्येक देशांत तेवढ्या वेळात कोर्टात दावा लावावा लागतो. आपल्याकडे कस्टमसमोरच्या कार्यवाहीत सामील झालात तरी पुरतं. परदेशी सल्लागाराचं ऐकून दहा दिवस दाव्याचा मसुदा घासत बसलात आणि कस्टमला साधं पत्र दिलं नाही, तर माल हातचा जातो.

सामील होणं म्हणजे फोन करणं नाही, आणि "आमचं पूर्ण सहकार्य राहील" असा ईमेलही नाही. उपायुक्तांच्या नावे सहीचं पत्र द्यायचं. त्यात यूपीआरएन, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, कुठल्या नोंदलेल्या चिन्हाचा कुठल्या वर्गात भंग झालाय ते, हा माल आमच्या परवानगीने बनलेला नाही हे स्पष्ट विधान आणि कारवाईची विनंती असावी. सोबत अधिकारपत्र जोडायचं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर पत्र दिल्याचं सिद्ध करताना दमछाक होते.

मालाची तपासणी हा यातला कळीचा भाग. नियम ८ प्रमाणे हक्कधारकाला आणि आयातदारालाही माल पाहायला मिळतो, नमुनेही मिळतात. शुक्रवारी माल अडवला तर पहिला कामकाजाचा दिवस सोमवार आणि दहावा त्याच्या पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, मध्ये सुट्टी नसेल तर. पत्र बुधवारी हाती आलं तर तीन दिवस गेलेले असतात. म्हणून तपासणीची तारीख पहिल्याच ईमेलमध्ये मागा.

माल कस्टम हाऊसमध्ये नसतो. तो कुठल्यातरी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, असतो, आणि ही सीएफएस उरण-द्रोणागिरीपासून पनवेलच्या बाजूपर्यंत पसरलेली आहेत. नाव विचारल्याशिवाय सांगलीहून निघू नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून पुन्हा नवी मुंबईकडे उलटं येण्यापेक्षा रात्रीच्या बसने कळंबोलीला उतरणं सोयीचं. मूळ ओळखपत्र, अधिकारपत्राची मूळ प्रत, वजनकाटा, व्हर्नियर, आणि तुमच्या खऱ्या मालाचे दोन सीलबंद नग सोबत घ्या. एजंटाकडे मुंबईत दोन नग कायमचे ठेवलेले असले तर आणखी बरं.

अहवालात "माल डुप्लिकेट वाटतो" असं लिहिलं तर आयातदाराचा वकील त्याच वाक्यावर खेळतो. फरक मोजून लिहा. खऱ्या फिल्टरचं वजन किती, याचं किती. बॅच नंबर आमच्या उत्पादन नोंदवहीत नाही. खोक्यावरच्या पत्त्यात पिनकोड चुकलाय. चिन्हातल्या अक्षराचं वळण वेगळं. प्रत्येक मुद्द्याला फोटोचा क्रमांक. सहा-सात ठोस मुद्दे पुरतात, पानं भरू नका. खऱ्या मालावरची तुमची गुपित खूण अहवालात उघड लिहू नका, ती अधिकाऱ्याला वेगळ्या बंद पाकिटात द्या. अहवालाची प्रत आयातदाराच्या हाती जाऊ शकते, आणि पुढच्या खेपेला ती खूणही छापून येते.

आणि माल खराच निघाला तर तसं लगेच लिहून द्या. तुमचाच माल दुसऱ्या देशात विकला गेला आणि तिथून कुणी आणला, तर ती समांतर आयात झाली. तिच्यावर हे हत्यार सहसा चालत नाही. कस्टमच्या केंद्रीय मंडळाचं ८ मे २०१२ चं परिपत्रक १३/२०१२ आणि त्याच वर्षीचा सॅमसंगच्या प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्या बाजूचे आहेत. वितरकावरचा राग काढायला कस्टमचा वापर केलात तर नुकसानभरपाईचा बाँड तुमच्याच गळ्यात आहे हे लक्षात असू द्या. आयातदाराचं नुकसान, कस्टमचा खर्च, दोन्ही तुम्ही लिहून दिलेलं असतं.

मानांकनवाल्यांसाठी थोडं

सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, मिरजेची सतार आणि तानपुरा यांना भौगोलिक मानांकन आहे आणि मानांकनही या नियमांत बसतं. मुदती त्याच. अडचण येते ती अर्ज कोणी करायचा यात. मानांकन संस्थेच्या किंवा संघाच्या नावावर असतं, एकट्या शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या नावावर नाही. संघाने अर्ज करावा, किंवा ज्याने करायचा त्याला संघाचा ठराव आणि अधिकारपत्र द्यावं. ठरावासाठी सभा बोलवावी लागते आणि सभेची नोटीस काढावी लागते. माल अडवल्यावर ही धावपळ सुरू केली तर ५ दिवस पुरणार नाहीत. ठराव आत्ताच करून ठेवा. अधिकृत वापरकर्त्याची नोंदही १० वर्षांची असते, ती संपलेली नाही ना ते पाहा.

दुसरं असं की परदेशी बेदाणा इथल्या गोदामात येऊन "सांगली" छापलेल्या पेटीत भरला जातो तेव्हा कस्टमकडे अडवायला काही उरलेलं नसतं. आयातीच्या वेळी पेटीवर सांगलीचं नाव असेल तरच हे नियम कामाचे.

दोष ५: नोंद होती, पण मधेच निकामी झाली

ट्रेडमार्क १० वर्षांचा. मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात नूतनीकरण करता येतं, ऑनलाइन एका वर्गाला ९,००० रुपये. मुदत संपल्यावर ६ महिन्यांपर्यंत अधिभार भरून चालतं. त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनर्स्थापना मागता येते, आणि तिथे वेळही जातो आणि पैसाही. या मधल्या काळात माल अडवला गेला आणि रजिस्ट्रीच्या पानावर स्थिती भलतीच दिसली, तर आयातदाराला आयताच मुद्दा मिळतो. कस्टमच्या नोंदणीची स्वतःची वेगळी मुदत असते, ती तुमच्या नोंदणीपत्रावर छापलेली असते. दोन्ही तारखा एकाच ठिकाणी लिहा.

२०१८ च्या दुरुस्तीने आणखी एक काम आलंय. तुमच्या हक्कात बदल झाला, तो रद्द किंवा स्थगित झाला, तर तसं तुम्हाला कळवलं गेल्यापासून एका महिन्यात कस्टमला सांगायचं. हे फारसं कुणी पाळत नाही. मग आयातदार तो आदेश स्वतःच फाईलवर आणतो आणि तुम्ही लपवलं असं दिसतं.

आणि ईमेल. नोंदणीत दिलेला पत्ता नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा असतो, फोन एजंटाच्या जुन्या ऑफिसचा. कंपनीच्या नावाचा एक कायमचा ईमेल ठेवा, तो किमान दोघांच्या मोबाइलवर उघडा असू दे, त्यातला एक जण शनिवारी-रविवारी बघणारा. एजंट बदलला की त्याच आठवड्यात आयपीआर सेलला लेखी कळवा.

जप्तीनंतर

तुम्ही सामील झालात आणि अधिकाऱ्याची खात्री पटली की कस्टम कायद्याच्या कलम ११० खाली माल जप्त होतो. इथून पुढची मोठी मुदत कस्टमची आहे: ६ महिन्यांत कारणे दाखवा नोटीस, वाढवली तर आणखी ६ महिने. नोटीस निघाली नाही तर माल ज्याच्याकडून घेतला त्याला परत करावा लागतो. म्हणून चौथ्या महिन्यात एक आठवण-पत्र द्या, शिक्क्यासह. मूळ आदेश विरोधात गेला तर कलम १२८ खाली आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील ६० दिवसांत, ही मुदत मात्र आदेश मिळाल्यापासून मोजायची. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे नाही.

माल सरकारजमा झाल्यावर तो नष्ट करायचा की व्यापाराच्या नेहमीच्या मार्गाबाहेर त्याची विल्हेवाट लावायची, हे कस्टम तुम्हाला विचारतं. उत्तराला २० कामकाजाचे दिवस आहेत, वाढही मिळते. गप्प बसलात तर संमती धरली जाते. ब्रेक पॅडसारखा माल ब्रँडचं नाव खरवडून कुणाला दिला तरी तो रस्त्यावर गाडी थांबवणार नाही. त्यामुळे सुरक्षेच्या वस्तूंना नष्ट करण्याशिवाय दुसरं काही मान्य करू नका आणि तसं मुदतीत लिहून द्या.

खर्च तुमचाच: नष्ट करण्याचा, डिमरेजचा (माल पडून राहिल्याचं भाडं), डिटेन्शनचा (कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं). कंटेनर जितके दिवस भरलेला उभा राहील तितकं शिपिंग लाइनचं डिटेन्शन चढतं. म्हणून जप्ती होताच माल उतरवून गोदामात ठेवावा आणि कंटेनर रिकामा करावा अशी विनंती करा. हा एक अर्ज न केल्यामुळे मालाच्या किमतीइतकं बिल येऊ शकतं.

नष्ट करण्याची तारीख ठरायच्या आधी नमुने राखून ठेवण्याची मागणी द्या. खटल्यासाठी लागणारे नमुने कस्टमला ठेवता येतात आणि तुम्हाला देताही येतात. प्रत्येक प्रकारचे तीन नग, त्यांच्या खोक्यांसह, सीलबंद आणि पंचनाम्यात नोंदलेले असावेत. नुसते नग घेतले आणि छापील खोकी भट्टीत गेली, तर सांगलीच्या कोर्टात दावा लावताना ट्रेडमार्कचा भंग दाखवायला हातात काहीच नसतं, कारण चिन्ह खोक्यावरच होतं.